जळालेल्या गॅल्व्हानोमीटरचा आकडा

शिरूर अनंतपाळच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्राची प्रयोगशाळा आहे, पण तिथे मुलं नाहीत. हजेरीपटावर आहेत, चांगली ऐंशी आहेत. पण ती सगळी लातुरात क्लासला असतात, तिथेच हॉस्टेलवर राहतात, आणि कॉलेजचं तोंड बघतात ते एकदाच, बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षेला. याला सगळे सोय म्हणतात. कॉलेजची सोय, क्लासची सोय, आईबापांची सोय. भुजंग जाधव हा त्या प्रयोगशाळेतला परिचर. ज्या खोलीत आता कुणी येत नाही, ती खोली तो सत्तावीस वर्षं झाडतोय, पुसतोय आणि कुलूप लावून घरी जातोय.

नुसती धूळ झटकणारा माणूस नव्हे हा. पट्टीचुंबकं जोडीनं ठेवायची, एकाच्या उत्तर टोकाशेजारी दुसऱ्याचं दक्षिण, दोन्हीकडून मऊ लोखंडाचे तुकडे लावायचे, नाहीतर त्यांचा जोर ओसरतो, हे तो आजही पाळतो. त्याला हे दत्तोपंत सरांनी शिकवलं. कॉलेजात बीएस्सी होतं तेव्हाचे हे प्राध्यापक. भुजंग निलंग्याकडच्या एका खेड्यातला, दहावी पास. पण समोर कोण उभं आहे याचं सरांना भानच नसायचं. ऐकणारा मिळाला की झालं. आणि भुजंगसारखा ऐकणारा त्यांना अख्ख्या वर्गात मिळाला नसेल.

सरांनी त्याला एक काचेची नळी दाखवली होती. पुढच्या पडद्यावर हिरवा ठिपका पडायचा. चुंबक जवळ नेलं की ठिपका सरकायचा, चुंबक उलटं धरलं की दुसऱ्या बाजूला पळायचा. सर म्हणाले, इलेक्ट्रॉन कुणी डोळ्यांनी पाहिलेला नाही, पण तो कुठे आणि किती वळतो हे बघता येतं. तेवढ्यावरून त्याचा प्रभार ऋण आहे हे कळतं, वजन निघतं, सगळं निघतं. बारीकसा वीजप्रवाह दाखवणाऱ्या गॅल्व्हानोमीटरचंही तेच. तारेच्या वेटोळ्यातून इलेक्ट्रॉन चालू लागले की चुंबक त्यांना आडवं ढकलतं, वेटोळं फिरतं, काटा हलतो. भुजंगला हे ऐकून रात्रभर झोप आली नव्हती. पुढे बीएस्सी बंद पडलं, सर निवृत्त होऊन नांदेडला मुलाकडे गेले आणि तिथेच वारले. नळी भुजंगकडे राहिली.

भुजंगची मुलगी ऋतुजा लहानपणी सुट्टीत त्याच्यामागे प्रयोगशाळेत यायची. ठिपका सरकवून सरकवून चुंबकाला घाम फोडायची. आठवीत असताना तिनं विचारलं, इलेक्ट्रॉनच्या आत काय असतं? सरांचं बोलणं आठवून भुजंग म्हणाला, प्रोटॉनच्या आत क्वार्क निघाले, पण इलेक्ट्रॉनच्या आत अजून कुणाला काही सापडलेलं नाही. ती म्हणाली, मग मी शोधते. त्या वाक्यावर हा माणूस चार वर्षं जगला.

आता त्याच्या पापाबद्दल सांगायला हवं. अकरा वर्षांपूर्वी घाईघाईत त्यानं गॅल्व्हानोमीटर मोठा रोध न लावताच सरळ विजेला जोडला. वेटोळं जळालं, खोलीभर वास सुटला. तेव्हाच्या शिक्षकानं हात वर केले. लिखापढी नको, उगीच चौकशी लागेल, गुपचूप दुसरा आण म्हणाला. भुजंगनं नांदेडहून दुसरा आणला. जुन्याचा रोध अठ्ठ्याण्णव ओहम होता, नव्याचा निघाला बासष्ट. पण मुलांना परीक्षेत उतरवून घ्यायला द्यायचा जो रीडिंगचा कागद होता, तो जुन्याचाच राहिला. कोण बदलणार? उपकरणाला हात कुणी लावतच नव्हतं. तेव्हापासून दरसाल शहाणी शहाणी पोरं एका जळून गेलेल्या यंत्राचा रोध मोजतात, अठ्ठ्याण्णव म्हणून लिहितात, आणि डॉक्टर होतात. काका, हे जुळत नाही, असं एकानंही म्हटलं नाही. भुजंग दरसाल वाट पाहायचा.

ऋतुजा अकरावीत गेली आणि त्यानं तिला लातूरला क्लासला घातलं. नाव ठेवलं स्वतःच्याच कॉलेजात, हजेरीपटावर. हो, त्यानंच. दुसऱ्यांच्या पोरांना नावं ठेवणं सोपं असतं. पण प्रात्यक्षिकाच्या महिनाभर आधी त्यानं तिला बजावलं, तू कागद घ्यायचा नाही, तू मोजायचं. ती हसली आणि बरं म्हणाली. त्या महिन्यात त्यानं नव्या गॅल्व्हानोमीटरचे स्क्रू तीनदा पुसले.

परीक्षेच्या दिवशी जीपगाड्या भरून पोरं आली. भुजंगनं नेहमीप्रमाणे पंचवीसच्या तुकडीत कागद फिरवला. ऋतुजानं तो न बघता पुढे सरकवला. आधी तिनं मोठा रोध जोडला, मग काटा वीस घरांवर आणला. मग इलेक्ट्रॉनना जायला बाजूनं दुसरी वाट दिली आणि तिची अडचण कमी-जास्त करत काटा बरोबर दहावर आणला. अर्धे इकडून, अर्धे तिकडून. म्हणजे दोन्ही वाटांची अडचण जवळपास सारखी. उरलेला हिशेब तिनं सूत्रानं केला आणि लिहिलं, बासष्ट. भुजंग कपाटाशी उभा राहून बघत होता. बीएस्सी बंद पडल्यापासून त्या टेबलावर असं काही त्यानं पाहिलं नव्हतं. त्याचे डोळे भरून आले, आणि त्यानं ते लपवलेही नाहीत.

एरवी बाहेरचे परीक्षक सह्या करतात, जेवतात आणि जातात. यंदा नेमका एक तरुण, मन लावून काम करणारा आला. त्यानं एकेक वही बघितली. चोवीस वह्यांत अठ्ठ्याण्णव आणि एकीत बासष्ट. तो ऋतुजाच्या टेबलाशी थांबला.

"बाकी सगळ्यांचं अठ्ठ्याण्णव आलंय. तुझं बासष्ट कसं?"

"मी मोजलं, सर."

"म्हणजे चोवीस जण चुकले आणि तू एकटी बरोबर?"

तिनं वडिलांकडे बघितलं. परीक्षकानंही तिकडेच बघितलं आणि अगदी आदरानं विचारलं, "मामा, तुम्ही इथं इतकी वर्षं आहात. याचा रोध किती आहे?"

दारात प्राचार्य उभे होते. भुजंगच्या खिशात परत घेतलेला तो कागद होता, त्याच्याच हातचा. खरं बोललं तर चोवीस पोरांचे मार्क, त्यांचे बाप, अकरा वर्षांपूर्वीचं जळालेलं वेटोळं, आणि निवृत्तीला राहिलेली दीड वर्षं, सगळं एकदम त्याच्या अंगावर येणार होतं. आणि समोर त्याची पोरगी होती, जिला त्यानंच मोजायला सांगितलं होतं.

"अठ्ठ्याण्णव, साहेब," भुजंग म्हणाला.

परीक्षकानं मान डोलावली आणि पोरीला म्हणाला, घाबरू नकोस, पुन्हा करून बघ. ऋतुजानं पुन्हा काही केलं नाही. तिनं खोडरबर घेतलं, बासष्ट पुसलं, मागची सगळी रीडिंगं पुसली आणि शेजारच्या मुलीच्या वहीत बघून लिहिलं. अक्षरही नेहमीसारखं नीट काढलं. भुजंगला तेच सोसवलं नाही.

संध्याकाळी तो तिला सोडायला एसटी स्टँडवर गेला. लातूरची गाडी यायची होती. उद्या प्राचार्यांना जाऊन सगळं सांगतो, असं तो दोनदा म्हणाला. तिसऱ्यांदा म्हणायला लागला तेव्हा तिनं थांबवलं.

"ऱ्हाऊ द्या, अप्पा. मला राग न्हाई आला. क्लासमदी दोन वर्षं हेच शिकवायलेत. समोरच्याला कोणतं उत्तर पायजे ते वळखायचं अन् लिहायचं. मीच येड्यावानी मोजत बसले."

तसं नसतं, पोरी, हे त्याच्या ओठांवर आलं. पण हे आता तिला सांगणार कोण? तो? त्यानं तिची पिशवी गाडीत चढवून दिली आणि खिडकीपाशी उभा राहिला. ती मोबाईलवर उद्याच्या टेस्टचे प्रश्न बघत होती.

निकालात प्रात्यक्षिकाला तीसपैकी तीस मिळाले. सगळ्यांनाच मिळाले. प्राचार्यांनी भुजंगला केबिनमध्ये बोलावून पेढा दिला आणि म्हणाले, पोरगी हुशार निघाली तुझी, वेळेवर सावरलं तिनं. भुजंगनं पेढा खाल्ला. त्या उन्हाळ्यात ऋतुजा दोन महिने घरी होती. ती एकदाही प्रयोगशाळेत आली नाही, आणि चल म्हणायचं धाडस भुजंगलाही झालं नाही.