फोल्डर साताऱ्यात दिसतं, असतं सांगलीत

कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या माणसाच्या आठवणी या सगळ्या दुसऱ्यांच्या गोंधळाच्या असतात. स्वतःचे गोंधळ तो सोयीनं विसरतो. माझ्याकडे असे किस्से इतके साठलेत की घरी जेवताना मी "आज काय झालं माहितेय?" एवढं म्हटलं तरी मुलगी विचारते, "जमीरभाई का?"

बहुतेक वेळा जमीरभाईच!

सांगलीत विश्रामबागला आमचं मोजणी आणि नकाशांचं ऑफिस. मालक माने साहेब. दारापासून रजिस्टरपर्यंत सगळं बघणारे सुभेदार, फौजेतून निवृत्त झालेले, गावाकडे ऊस. कॉम्प्युटर माझ्याकडे. आणि साताऱ्यात एका खोलीची शाखा, तिथं एकटे जमीरभाई. नकाशे आखायच्या टी-स्क्वेअरवर आणि शाईच्या पेनावर हात बसलेला माणूस, माऊस धरला तो पन्नाशीनंतर.

पूर्वी नकाशांच्या गुंडाळ्या कुणी जाणाऱ्या-येणाऱ्याच्या हाती इकडून तिकडे जायच्या. साहेब त्याला वैतागले आणि म्हणाले, सगळं सांगलीच्या सर्व्हरवर ठेवा. सर्व्हर म्हणजे मोठं काही नाही, साहेबांच्या केबिनमागच्या खोलीतला एक दणकट डेस्कटॉप. त्यातलं 'नकाशे' नावाचं फोल्डर मी एसएसएच नावाच्या सुरक्षित लिंकवरून साताऱ्याच्या कॉम्प्युटरला जोडून दिलं. म्हणजे फोल्डर जमीरभाईंच्या स्क्रीनवर दिसणार, उघडणार, त्यात काम होणार, पण ते असणार सांगलीत. साहेबांनी सहा महिन्यांची मुदत दिली. तेवढ्यात हे नीट चाललं तर ठीक, नाहीतर साताऱ्याची खोली बंद आणि जमीरभाई सांगलीला.

जमीरभाईंना सांगलीचं वावडं नव्हतं. पण त्यांचे वडील अंथरुणाला खिळलेले. जन्मभर भांड्यांना कल्हई केलेला तो म्हातारा दुपारचं जेवण फक्त मुलाच्या हातानं घ्यायचा. घर ऑफिसपासून दहा मिनिटांवर. रोज एक वाजता जमीरभाई जायचे, अब्बांना भरवायचे आणि दोनला परत यायचे. सांगलीतून हे कसं जमणार? त्यामुळे मला जे नुसतं फोल्डर होतं, ते त्यांना अब्बांचं जेवण होतं.

*

पहिल्याच आठवड्यात फोन आला. "आवं इंजिनियर, आमच्यासंगं ह्ये फोल्डरबी जेवाय जातंय."

झालं होतं असं की एक ते दोन कॉम्प्युटरला कुणी हात लावायचं नाही, तो झोपी जायचा, लिंक तुटायची. जमीरभाईंनी परत येऊन फोल्डरवर क्लिक केलं की सगळी स्क्रीन गोठायची. मी म्हटलं, दोन दिवसांत येतो.

गेलो तर तक्रार मिटलेली. जमीरभाईंनी शेजारच्या झेरॉक्सवाल्या वहिनींना काम लावून दिलं होतं. एक ते दोन वहिनी खुर्चीत बसायच्या आणि दर दहा मिनिटांनी माऊस हलवायच्या. लिंक काय बिशाद तुटायची! मी झोपेचं सेटिंग बंद केलं, लिंक जागती ठेवणारी एक ओळ घातली आणि वहिनींना सांगितलं की उद्यापासून तुम्हाला त्रास नको. वहिनींचा चेहरा पडला.

"मग दुपारचं एसीत बसायचं कुठं?"

*

एका सकाळी आमच्याकडचं इंटरनेट बंद पडलं. अशा वेळी साताऱ्यात त्याच नावाचं एक रिकामं फोल्डर दिसतं. ते तिथल्याच कॉम्प्युटरमधलं असतं, सांगलीचं फोल्डर त्याच्यावर येऊन बसतं. जमीरभाईंनी ते उघडलं. रिकामं बघून कुणीतरी साफसफाई केली असेल असं त्यांनी धरलं आणि माण तालुक्यातल्या एका पाझर तलावाचा नकाशा चार तास खपून त्यात सेव्ह केला. दुपारी इंटरनेट आलं, मी लिंक पुन्हा जोडली, सांगलीचं फोल्डर वर बसलं आणि जमीरभाईंचा नकाशा दिसेनासा झाला.

त्यांनी घाबरून फोन केला. मी समजावलं की गादीवर दुसरी गादी टाकल्यासारखं झालंय, तुमचा नकाशा खालच्या गादीवर सुरक्षित आहे, वरची उचलतो. लिंक काढली. नकाशा जिथल्या तिथं होता.

जमीरभाई म्हणाले, "तितंच खाली जरा बघा की. माझा चष्माबी म्हैनाभर गावंना झालाय."

पुढं त्यांनी स्वतःच त्या रिकाम्या फोल्डरात एक फाईल करून ठेवली. तिचं नाव 'हितं ठिवू नगा'. लिंक नसली की ती फाईल समोर येते आणि माणूस सावध होतो. हा उपाय खरं तर मला सुचायला हवा होता, पण नाही सुचला.

*

सुभेदारांचा मात्र या सगळ्यावर विश्वास नव्हता. तार दिसत नाही ती लाईन कसली, असं त्यांचं म्हणणं.

एकदा मी सर्व्हरची सगळी सिस्टिम नव्यानं टाकली. असं केलं की जोडणाऱ्या कॉम्प्युटरला पलीकडची ओळख पटत नाही आणि तो ठणाणा करतो. दुसऱ्या दिवशी साताऱ्याच्या स्क्रीनवर मोठ्या इंग्रजी अक्षरांत इशारा आला की पलीकडे कुणीतरी वाईट उद्योग करत असू शकतं. जमीरभाईंनी ते एकेक शब्द करत फोनवर वाचून दाखवलं. फोन घेतला होता सुभेदारांनी.

मी ऑफिसला पोचलो तर शटर अर्धं खाली, सर्व्हरची केबल उपटलेली आणि सुभेदार दारात उभे. मला आत सोडेनात. म्हणाले, दुश्मन लाईनीत घुसलाय, चौकशी होईपर्यंत कुणीही आत जायचं नाही. मी परोपरीनं सांगितलं की असा इशारा मशीन बदललं तरी येतो. त्यांनी रजिस्टर उघडलं.

"काल ह्या मशीनला शेवटचा हात कुणी लावला?"

"मीच."

"मंग तपास संपला," असं म्हणून त्यांनी माझी सही घेतली.

*

सांगलीशी जोडायला साताऱ्याच्या कॉम्प्युटरवर एक छोटी गुप्त फाईल लागते. ती असेल त्यालाच सांगली आत घेते. मी जमीरभाईंना बजावलं होतं की ही कुणालाही द्यायची नाही. ते म्हणाले, येडा हाय का मी?

चार महिन्यांनी कळलं की तिची एक नक्कल पेनड्राइव्हवर घालून त्यांनी झेरॉक्सवाल्या वहिनींकडे ठेवलीय. मी कपाळाला हात लावला. त्यांनाच माझं नवल वाटलं. आपण आजारी पडलो, अब्बांचं काही झालं, तर ऑफिस उघडणार कसं? आमच्या गल्लीत कुठलंही घर बघा, एक चावी शेजारी असतेच, असं ते शांतपणे म्हणाले. वहिनींनी तो पेनड्राइव्ह प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून देव्हाऱ्यात ठेवला होता आणि रोज सकाळी त्यालाही हळदकुंकू लागत होतं!

मी जुनी फाईल बाद करून नवीन केली. जुनी अजून देव्हाऱ्यातच असेल.

*

सहा महिने संपले. साहेबांनी परीक्षेचा दिवस ठरवला. माणमधल्या आठ पाझर तलावांचे नकाशे साताऱ्यातून दुरुस्त होऊन पाच वाजेपर्यंत फोल्डरात यायचे. साहेब स्वतः केबिनमध्ये बसून बघणार. एकदा जरी अडकलं, तरी महिनाअखेर साताऱ्याची खोली बंद.

त्या सकाळी मी नऊलाच आलो आणि सर्व्हरच्या खोलीचं दार उघडलं. आत सर्व्हरपुढं जमीरभाई बसले होते. पहिला नकाशा उघडलेला, बाजूला डबा. पहाटेच्या एस.टी.नं आले होते, सुभेदारांनी आत घेतलं होतं.

मी दार लावून घेतलं आणि विचारलं की हे काय करताय, आज तर तुम्ही साताऱ्यात असायला पाहिजे.

"रोज याय लागू नये म्हणून एक दिस आलोय," ते म्हणाले.

माझ्या सहा महिन्यांच्या मेहनतीला मिळालेलं ते सर्टिफिकेट होतं. मला राग आला, मग आठवलं, आज एक वाजता अब्बांना भरवायला ते तिथं नसणार. मी दार ओढून बाहेर आलो.

बाहेर सुभेदार दाराशी उभे राहिले. कुणी विचारलं तर मशीन तापलंय, आत जायची ऑर्डर नाही, असं सांगायचे. दहाला साहेब आले. केबिनमागच्या प्लायवूडच्या भिंतीच्या अलीकडे साहेब, पलीकडे जमीरभाई. एकामागून एक नकाशे फोल्डरात यायला लागले. साहेब खूश. मला दोनदा केबिनमध्ये बोलावून म्हणाले की साताऱ्याची लाईन आज भलतीच फास्ट आहे. मी मान हलवली.

एक वाजता जमीरभाईंनी घरी व्हिडिओ कॉल लावला. कराडहून आलेली बहीण अब्बांना भरवत होती आणि हे इकडून दबक्या आवाजात "खा अब्बा, खा" म्हणत होते. अर्धी भाकरी गेली. रोज दीड जाते, असं ते मला म्हणाले आणि पुन्हा नकाशाकडं वळले.

साताऱ्याचा कॉम्प्युटर ते चालू ठेवून आले होते. मी माझ्या जागेवरून त्याची लिंक बघत होतो. अख्ख्या दिवसात ती एकदाही तुटली नाही.

पावणेपाचला आठवा नकाशा आला. साहेबांनी खुर्ची मागं सरकवली, म्हणाले, "जमीरभाईंना मीच सांगतो," आणि फोन लावला.

फोन प्लायवूडच्या पलीकडे वाजला.

तीन रिंग झाल्या. मी फरशीकडं बघत होतो, दारातले सुभेदार छताकडं. साहेबांचा फोन चुकवायची जमीरभाईंना सवयच नाही, त्यांनी उचलला. "बोला साहेब," हे आम्हाला दोन्हीकडून ऐकू आलं.

साहेबांनी प्लायवूडकडं पाहिलं, मग माझ्याकडं. फोन काही ठेवला नाही.

"जमीरभाई, साताऱ्यात पाऊस आहे का?"

"न्हाई साहेब. ऊन हाय."

"बरं. साडेपाचला साताऱ्याची गाडी आहे. सुभेदार स्टँडवर सोडतील. उद्या दहाला ऑफिस उघडा, आणि एक वाजता घरी जात जा."