शेंडे छाटलेली मुळं

ही गोष्ट मी कुणाला म्हणून सांगितलेली न्हाय. बायकोला न्हाय, सख्ख्या भावाला न्हाय — देवालाबी न्हाय, कारण त्याला म्हाईत असणारच असं धरून चाललेलो. गेल्या गुरुवारी पहिल्यांदा तोंडातनं बाहेर पडली, आणि जिच्यापुढं पडायला पायजे हुती तिच्याचपुढं पडली. आता तुम्हाला सांगतोय. तुम्ही मला वळखत न्हाय, तेच बरं हाय.

तसं बघितलं तर काय हाय त्यात? खून न्हाय, दरोडा न्हाय. कांदा हाय. हसलासा न्हवं? मीबी हसलो असतो. पण जरा थांबा, माझ्या चालीनं सांगू द्या. घाई केलासा तर मधीच कुठंतरी पळवाट काढीन मी. तसला स्वभावच हाय माझा.

बेळगावातल्या एका कॉलेजात मी बायॉलॉजीच्या लॅबचा अटेंडर हुतो. कुठलं कॉलेज ते सांगत न्हाय. शिक्षण म्हणाल तर दहावी नापास, तेबी गणित आणि इंग्लिश दोन्हीकडं. पण लॅबात मी राजा! पोरं मला मामा म्हणायची, सरबी मामाच म्हणायचे. बेडूक कुठल्या बरणीत, शेवाळ कुठल्या तळ्यातनं आणायचं, कुठल्या मायक्रोस्कोपाचा स्क्रू ढिला — सगळं माझ्या डोक्यात. नवीन लेक्चरर आला तर मला विचारल्याबिगर कपाटाला हात लावायचा न्हाय. गर्व? हुता की. लई हुता.

आणि सगळ्यात मोठा गर्व कांद्याच्या मुळांचा. फर्स्ट इयरला शिकवतात न्हवं — पेशी म्हंजे काय, एका पेशीच्या दोन कशा हुतात. ते डोळ्यानं बघायचं तर कांद्याचं मूळ लागतं. परीक्षेच्या आधी पाच-सा दिवस मी पाण्यानं भरलेल्या बाटल्यांच्या तोंडावर कांदे बसवायचो. बूड पाण्याला जेमतेम टेकलं पायजे, बुडलं की कुजलं. रोज पाणी बघायचं, कमी झालं की घालायचं. पांढरी मुळं बोटभर लोंबायला लागली की सकाळी नऊच्या सुमाराला — पेशींच्या दोन हुण्याची तीच वेळ — कापून अल्कोहोलच्या बाटलीत टाकायची. मग परीक्षेत पोरं त्यातलं एक मूळ घेणार, लाल रंगात गरम करणार, काचेवर अंगठ्यानं दाबणार आणि मायक्रोस्कोपाखाली बघणार. आमचे सर दर वर्षी सांगायचे — मूळ वाढतंय ते शेंड्याला. पेशींच्या दोन-दोन हुतात त्या तिथंच, नखाएवढ्या जागेत. वरच्या पेशी नुसत्या लांब हुतात. ऐकून ऐकून मला पाठ झालतं. सरांच्या आधी मीच पोरांना दम द्यायचो — शेंडा सोडून दुसरं घेतलंसा तर काय म्हणता काय दिसायचं न्हाय, रं!

म्हंजे मला म्हाईत हुतं. चांगलं म्हाईत हुतं.

आता तिचं सांगतो. सुजाता. निपाणीची पोरगी. आई तंबाखूच्या वखारीत कामाला, आणि घरातनं कॉलेजात आलेली ही पहिली. तिला बघायचा नाद — काय सांगू तुम्हाला! डबक्याचं पाणी बाटलीत भरून आणायची, त्यातला थेंब काचेवर ठेवायची आणि कायतरी वळवळलं की वरडायची, “मामा, या की! बघा की!” सरांना न्हाय, आधी मला. मी हातातलं काम टाकून जायचो. खरं सांगू का, माझ्या पोटच्या पोरांनी कधी मला असं काय दाखवायला हाक मारली न्हवती. एम.एस्सी. करणार म्हणायची. आणि केलं असतं तिनं. तिच्या आईनं वखारीतल्या बायकांना सांगून ठेवलंतं, माझी पोर मास्तरीण हुणार म्हणून.

परीक्षा बुधवारी हुती. मार्च महिना, ऊन कडक. कांदे मी बसवलेले, मुळं सुटलेली, सगळं झकास. परीक्षेपर्यंत लॅबात तास न्हवते, म्हणून शनवारी दुपारी लॅबला कुलूप घातलो आणि कोगनोळीला गेलो, बहिणीच्या पोराच्या लग्नाला. आयतवारी लगीन लागलं की संध्याकाळी परत यायचं ठरलेलं. आलो का? न्हाय. सोमवारी पूजा, मग मटणाचं जेवण, मग भावजींसंगं पत्ते. कुणी धरून ठेवलं न्हवतं मला. किल्ली माझ्या खिशात. दुसऱ्या कुणाकडं द्यायची म्हटलं तर माझ्या लॅबात दुसऱ्याचा हात? छे! त्यापायी तीबी कुणाला दिली न्हाय.

मंगळवारी दुपारी येऊन कुलूप काढलो. बाटल्यातलं पाणी पार खाली गेलेलं. मुळं हवेत लोंबत हुती. वर कांद्याजवळ पांढरी, आणि शेंडे — सगळ्यांचे शेंडे तपकिरी पडून वाळलेले. एकबी बरा न्हाय. एकेक कांदा उचलून बघितलो.

सरांना सांगायला किती लागतंय? पाच मिनिटं. “सर, चुकलं माझं, मुळं गेली.” त्यांनी दुसऱ्या कॉलेजातनं मुळं मागवली असती, न्हाईतर तयार स्लाईडी काढल्या असत्या. चार शब्द बोलले असते. बस्स. पण मला ते चार शब्द नको हुते. एवढी वर्सं नाकानं कांदे सोललेला मी — “मामांची मुळं म्हंजे बघायचं काम न्हाय” असं सगळ्यांनी म्हटलेलं — मी कसा सांगणार?

मग मी काय केलो? ब्लेड घेतलो. एकेक मुळाचा वाळलेला शेंडा छाटून टाकलो, आणि वरचे पांढरे तुकडे तेवढे बाटलीत घातलो. दिसायला एकदम नामी. शेंडे कागदात गुंडाळून कचऱ्यात. हात थरथरत हुते म्हणालो असतो तर बरं दिसलं असतं, पण न्हाय. हात एकदम सरळ चालत हुते.

बुधवारी वीस पोरं बसली. मला वाटलं, आता बोंब हुणार. अर्धा तास गेला, पाऊण तास गेला — कुणी काय बोलंना. जाता जाता एकेकाच्या कागदात डोकावलो. सगळ्यांनी चित्रं काढलेली! पेशीच्या मधी वळीनं उभे राहिलेले धागे, मग दोन बाजूला वढले गेलेले, मग एकाच्या दोन झालेल्या पेशी. सुंदर. भिंतीवरच्या चार्टात हाय तसंच्या तसं. जर्नलात दहांदा काढून हात बसलेला, मायक्रोस्कोपात बघायचं काम काय? एकोणीस पोरांनी तिथं नसलेलं सगळं काढलं.

सुजातानं काढलं न्हाय. तिनं पहिली स्लाईड केली, बघितली. दुसरी केली. तिसरी केली. मग पेन्सिल घेतली आणि जे हुतं ते काढली — लांबट, विटांसारख्या पेशी, प्रत्येकीत एकेक गोल ठिपका. आणि खाली इंग्लिशात लिहिली, की दोन हुताना एकबी पेशी दिसली न्हाय. मी मागंच उभा हुतो. ते चित्र बघितलं आणि मी तिथनं बाजूला सरकलो. कारण वीसातलं ते एकच चित्र खरं हुतं.

बाहेरनं आलेले एक्झामिनर हुते, धारवाडकडचे. त्यांनी कागद बघितला, कपाळाला आठ्या. तिनं म्हटलं, सर, तुम्हीच बघा. त्यांनी डोळा लावल्यासारखं केलं आणि मला कन्नडात विचारलं, मटेरियल बरोबर हाय न्हवं? नऊला कापलेलं हाय न्हवं?

आणि मी म्हणालो, “हौदु सर.”

व्हय सर. उचलली जीभ लावली टाळ्याला. ती निपाणीची, तिला कन्नड चांगलं कळायचं. तिनं माझ्याकडं बघितलं. रागानं न्हाय हो! रागानं बघितलं असतं तर मी सुटलो असतो. मामा म्हणतात म्हंजे तसंच असणार — असं बघितलं. आणि मान खाली घातली. साहेबांनी लाल पेनानं एक रेघ वढली. सगळ्यात जास्त मार्कांचा तोच प्रश्न. पोरगी प्रॅक्टिकलला नापास झाली.

तुम्ही म्हणाल, झाली चूक, भ्याला माणूस. व्हय. पण अजून संपलं न्हाय. मला खरं खायला उठतंय ते पुढचं.

दोन दिवसांनी ती लॅबच्या स्टोअरच्या दारात आली. म्हणाली, “मामा, बाकीच्या सगळ्यांना दिसलं, मलाच कसं दिसलं न्हाय? माझ्या बघण्यातच काय खोट हाय का?” कॉरिडॉरात कुणी न्हवतं. एक्झामिनर न्हवता, सर न्हवते. भ्यायचं काय कारण न्हवतं. ती दुसऱ्या कुणाकडं जाणार न्हवती, मी सांगीन ते ऐकणार हुती. आणि मी काय सांगितलो? “सगळ्यांनाच जमतंय असं न्हाय गं पोरी. डोळा लागतो त्याला.”

असं म्हणालो मी. तिला म्हणालो!

जूनमधी ती आली न्हाय. निपाणीतच आर्टस्‌ला नाव घातलं म्हणून कळलं. आणि मला काय वाटलं म्हाईत हाय? बरं वाटलं. सुटलो म्हणालो. रोज तोंडापुढं नको. त्याच्या पुढच्या वर्षीबी मी कांदे लावलो, आणि नव्या पोरांना शेंड्याचा दम दिलो.

मग गेला गुरुवार. रिटायर झाल्यालाबी आता वर्सं झाली. नातीच्या लग्नाची पत्रिका द्यायला निपाणीला गेलतो, परतीच्या बससाठी स्टँडवर बाकड्यावर बसलेलो. एक बाई पुढं येऊन उभी राहिली. “मामा, वळखलासा काय?” संगं सोळा-सतरा वर्सांची पोरगी. मी लगेच वळखलो. न्हाय म्हणावं असंबी एकदा मनात आलं — म्हटलं न्हवं, स्वभाव.

आता तालुक्याच्या ऑफिसात क्लार्क हाय. चांगलं चाललंय. पोरीला म्हणाली, हे आमच्या लॅबातले मामा, लई जीव लावायचे. मग हसत हसत सांगायला लागली — ह्यांच्याच लॅबात नापास मी, मायक्रोस्कोपातलं मला कधी दिसायचंच न्हाय. पोरगीबी सायन्सलाच हाय म्हणे, बायॉलॉजी सोडायचं म्हणतीय. तिलाबी आत काय दिसत न्हाय. “माझ्याच वळणावर गेलीय, मामा. आमच्या रक्तातच न्हाय ते.”

रक्तातच न्हाय! मी स्टोअरच्या दारात उभं राहून एक खोटं बोललो, आणि ते आईकडनं लेकीकडं निघालंतं, नाकाडोळ्यासारखं. लेक मुकाट मान हलवत हुती. मी म्हणालो, बस खाली, तुला एक सांगायचं हाय.

सगळं सांगितलो. लगीन, पत्ते, आटलेलं पाणी, ब्लेड, हौदु सर. स्टोअरच्या दारात बोललो तेबी खोटं हुतं म्हणून सांगितलो. मधी कुठं थांबलो न्हाय. माफ कर असं म्हणालो न्हाय. ते म्हटलं असतं तर तिला काहीतरी उत्तर द्यावं लागलं असतं. ती ऐकत हुती. तोंडावरचं हसू जाताना मला दिसलं. मग विचारली, “किती छाटलंतासा?” मी बोटाच्या नखानं दाखवलो — एवढं. ती त्या नखाकडं बघत बसली.

“म्हंजे मी काढलेलं बरोबर हुतं,” ती म्हणाली. मला विचारत न्हवती ती.

“व्हय,” मी म्हणालो. “तुझं एकटीचं.”

बेळगावची बस लागली. मी उठलो, चढलो, खिडकीजवळ जागा मिळाली. त्या दोघी तिथंच बाकड्यावर. सुजातानं लेकीच्या पिशवीतनं जर्नल वढून काढलेलं आणि मांडीवर उघडलेलं. बोट एका चित्रावर ठेवून ती पोरीला विचारत हुती — आवाज मला येत न्हवता, पण तिचं तोंड बघून कळत हुतं — हे तू बघून काढलंस, का पुस्तकातनं? पोरगी आधी लाजली, मग कायतरी सांगायला लागली, हातवारे करून. आई वाकून ऐकत हुती. बस हलली. तिनं मान वर करून माझ्याकडं बघितलं न्हाय. आणि मला बरं वाटलं हो. लई बरं वाटलं.