महानंदाबाई आणि देवाच्या गोळ्या

महानंदा डॉक्टर रिपोर्टची फाइल हातात घ्यायच्या आणि न उघडता टेबलावर पालथी ठेवायच्या. "कागदाला काय झालंय ते मग बघू. तुला काय होतंय ते सांग की." माहेर अक्कलकोटचं, घरात कानडी, सगळी प्रॅक्टिस सोलापुरात. इतक्या खेकसायच्या की बायका बाहेरच्या बाकावर वाक्यं पाठ करून मगच आत जायच्या. मीसुद्धा.

माझी धाकटी बहीण सविता. तिला काहीसुद्धा होत नव्हतं. नवऱ्याच्या ऑफिसातून घरातल्या सगळ्यांच्या तपासण्या झाल्या, त्यात हिचं कॉर्टिसॉल नावाचं हार्मोन वाढलेलं निघालं. लगेच पोटाचा स्कॅन. मूत्रपिंडावरच्या ग्रंथीत बारीकशी गाठ दिसली आणि एका डॉक्टरांनी ती ग्रंथीच काढायची तारीख देऊन टाकली. सविता लेकीला कुशीत घेऊन रडायची. सासू म्हणाली, "नवरात्राच्या आधी उरकून घेऊ." हे आठवलं की आजही माझं डोकं फिरतं.

मी तिला ओढतच महानंदाबाईंकडे नेलं. त्यांनी ब्लडप्रेशर घेतलं, चेहरा सुजलाय का, दंडावर काळेनिळे डाग आहेत का, पोटावर जांभळे पट्टे आहेत का ते पाहिलं. मग म्हणाल्या, "उकिडवी बस आणि हात न टेकता ऊठ." सविता सहज उठली.

"कॉर्टिसॉल वाढल्याचा रोग अंगावर दिसत न्हाय. पण दिसत न्हाय म्हणून सोडायचंबी न्हाय. गोळ्या कुठल्या चालू हायत?"

"कुठल्याच नाहीत."

"नीट आठव की."

सविता घुटमळली. "औषध नाही घेत. सणावाराला घेते त्या आहेत. देवाच्या."

गौरी-गणपती, नवरात्र, दिवाळी, मग सिद्धेश्वरांची यात्रा. सोवळ्यात पाळीची अडचण नको म्हणून सासूबाई मेडिकलमधून गर्भनिरोधक गोळ्यांची पाकिटं आणून द्यायच्या. एक सण संपेतो दुसरा यायचा, गोळ्या काही थांबायच्या नाहीत. कुणाला त्या औषध वाटतच नव्हत्या.

त्या दिवशी बाई खेकसल्या नाहीत. शांतपणे म्हणाल्या, "या गोळ्यांनी रक्तात कॉर्टिसॉल धरून ठेवणारं प्रोटीन वाढतं. आकडा फुगतो, अंगाला लागत न्हाय. बारक्या गाठी तर लई जणांना असतात. गोळ्या बंद कर, दीड महिन्यानं परत तपासू. तोवर कुणाला पोटाला हात लावू देऊ नको." मग सासूला बोलावून घेतलं. "अक्का, तुमच्या देवाला पोट कापलेली सून चालते, पाळीतली चालत न्हाय व्हय?"

दीड महिन्यानं आकडा ठीक आला. गाठ हार्मोन बनवत नाही ना, याचीही बाईंनी वेगळी तपासणी करून घेतली. ऑपरेशन रद्द झालं. वर्षभराने पुन्हा स्कॅन केला, गाठ होती तेवढीच होती.

गेल्या वर्षी बाई गेल्या. त्यांच्या स्मरणार्थ घरी पूजा होती, तिथे आम्ही दोघी बहिणी गेलो. दारातच त्यांच्या एका नातेवाईक बाईंनी आम्हाला अडवलं आणि हळूच विचारलं, "तुमची अडचण नाही ना? मग या आत."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. महानंदाबाईंच्या दारात हा प्रश्न! मी तोंड उघडायच्या आत सविता पुढे झाली. सासूपुढे कधी आवाज न चढवलेली माझी बहीण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आहे की. आज दुसरा दिवस." आणि आत जाऊन तिने बाईंच्या फोटोला हार घातला.