आधी डोळे, मग हात

लांज्याच्या स्टँडवर गाडी सुटायच्या आधी आईने खिडकीतून माझं मनगट धरलं. "पुण्यात रस्ता ओलांडताना कुणातरी बाईमाणसाच्या जवळ राहा," म्हणाली. बाबा उगाचच कंडक्टरशी बोलत होते. सुमन, तू तेव्हा नववीत होतीस. ताई मजेत चालली आहे, असं तुला वाटलं. खरं सांगते, आंबा घाट संपेपर्यंत मला उलटीची भीती वाटत होती आणि त्यानंतर बाकी सगळ्याची.

ते चौऱ्याहत्तर साल. दापोडीला मावशीकडे राहिले. रुळांलगतची एक खोली; गाडी गेली की फळीवरची भांडी हलायची. पिंपरीच्या एका कंपनीत ट्रेसर म्हणून लागले, सहा महिने टेंपररी. इंजिनियरांची ड्रॉइंग्ज पातळ कागदावर शाईने गिरवायची. थेंब पडला तर? भोंगा झाल्यावर गेट बंद झालं तर? दिवसभर डोक्यात हेच. पत्रात मात्र 'इकडे सर्व ठीक' लिहायचे.

चौथ्या महिन्यात आमचे साठेसाहेब नवंच काम घेऊन आले. कामगारांना सुरक्षा शिकवायला हलत्या चित्रांची छोटी फिल्म करायची होती. शेकडो चित्रं काढायची, प्रत्येकात माणूस जरासा पुढे सरकलेला. फोटोग्राफर ती एकेक करून कॅमेऱ्यात घेणार आणि पडद्यावर माणूस चालणार. माझा हात चांगला, म्हणून काम माझ्या गळ्यात.

माझा कामगार खोकं उचलायचा. साहेबांनी कागदांची चळत अंगठ्याने सर्रकन सोडून बघितली. "हा माणूस आहे की कपाटाचं दार? खोक्याला वजनच नाही. शॉपवर जा, मशीनवरची माणसं बघ. महिनाअखेर जमलं नाही तर दुसरं कुणीतरी बघावं लागेल."

दुसरं कुणी आलं की मी लांज्याला परत.

प्रेस शॉपमध्ये पायाखालची जमीन हादरायची. तिथे कांबळेकाका पत्रा साच्यात दाबणारा प्रेस चालवायचे, दापोडीचे, आमच्याच गल्लीतले. मी जमिनीवरच्या पिवळ्या पट्ट्यामागे पॅड घेऊन उभी. ते म्हणाले, "ताई, हाताकडं काय बगताय? आदी पाय बगा."

मग दिसायला लागलं. पत्र्यांचा गठ्ठा उचलण्याआधी ते पाय फाकवत, गुडघ्यात वाकत, अंग किंचित मागे जाई आणि मगच गठ्ठा हले. हात जिथे जायचा तिथे डोळे आधी पोचलेले असत. मी घरी मावशीचा भरलेला हंडा उचलून स्वतःच्या अंगात ते शोधलं आणि पुन्हा चित्रं काढली. खोक्याला वजन आलं.

एका शनिवारी मी दुपारीही तिथेच होते. काका आदल्या दिवशी ओव्हरटाइम करून आलेले. पॅडवर मी नुसतंच टिपत गेले: हात, मग डोळे. हात, मग डोळे. सकाळचा क्रम उलटला होता. याचा अर्थ लक्षात येईपर्यंत एक तुकडा साच्यात अडकला. काकांचा हात आत गेला, डोळे भिंतीवरच्या घड्याळाकडे आणि पाय प्रेस खाली आणणाऱ्या पेडलवर.

"काका, हात!" मी ओरडले, पण त्या आवाजात माझं मलाच ऐकू आलं नाही. हातातलं पॅड फेकलं. ते त्यांच्या खांद्यावर आदळलं, काका दचकून मागे झाले आणि प्रेस खाली आला.

ते खोक्यावर बसले. उजवा हात डाव्या हातात धरलेला. "साहेबांना सांगू नका ताई. मला मशीनवरनं काढत्याल. पोरगी शाळेत हाय."

सांगितलं तर त्यांचं काम जाणार, गप्प बसले तर कधीतरी हात. मला दोन्हींची भीती वाटत होती. नाव न सांगता मी ते चित्रांत काढलं: ताजातवाना माणूस आणि दमलेला माणूस. साहेबांनी चळत दोनदा सोडून बघितली. "हे कुठल्या प्रेसवर बघितलंस?"

"सगळ्यांवरच, साहेब," मी म्हणाले. खोटं बोलले असं वाटलं होतं. नंतर इतर प्रेस बघितले, तर ते खरंच निघालं.

कँटीनमध्ये पडदा लावून फिल्म दाखवली. माझ्या माणसाची चाल बघून पोरं हसली. मग दमलेला हात डोळ्यांच्या आधी आत गेला आणि अंधारातून कुणीतरी ओरडलं, "आरं, हात काढ!" चित्राला! कांबळेकाका दोन्ही हात काखेत दाबून बसले होते.

मी पर्मनंट झाले. पुढे प्रेसना दोन बटणं आली. दोन्ही हातांनी दाबल्याशिवाय प्रेस खाली येत नाही. पण त्याआधी दुसऱ्या पाळीतल्या एकाची दोन बोटं गेली. फिल्म त्यानेही बघितली होती.

इथे येऊन आता आठ वर्षं झाली. सुमन, तू पत्रात विचारतेस, तिकडे घरासारखं वाटतं का. लग्न झालं, तर यांच्या कंपनीतही प्रेस आहेत. मी पाचला येते, ते सहाला. मी गॅलरीत उभी राहते. गर्दीतून यांची चाल लांबूनच ओळखू येते, तरी जीव भांड्यात पडत नाही. ते जिना चढून येतात, डबा माझ्याकडे देतात, तेव्हा मी दहाही बोटं बघून घेते. त्यांना अजून ठाऊक नाही. मग मी चहा ठेवते आणि तेव्हा कुठे ही खोली माझं घर होते.