तपकिरी बंगल्यातल्या बाईंची मापं

माझ्या मावशीचा जुना पिन मी इथे सगळ्यांदेखत सांगणार आहे: एक नऊ सात दोन चार तीन. आता तो बदललाय, तेव्हा कुणी हुरळून जाऊ नये.

मावशी कपडे शिवते आणि तिचा नवरा, म्हणजे माझे काका, कापड कापतात. बत्तीस वर्षं एकाच खोलीत. खिडकीशी तिचं मशीन, दाराशी त्यांचं कापायचं टेबल. बायकांची मापं मावशी घेते आणि एका लांबुडक्या वहीत लिहिते. काका वही उघडतात आणि कात्री चालवतात. शंका काढायची नाही, वहीत असेल ते कापायचं. आमचा संसार या एका नियमावर टिकला, असं ते गिऱ्हाइकांनाही ऐकवतात.

पाच वर्षांपूर्वी एटीएमपाशी एका सभ्य दिसणाऱ्या माणसाने मावशीला मदत केली. असं नाही, असं दाबा, करता करता त्याने तिचा पिन पाहिला, कार्ड बदललं आणि संध्याकाळपर्यंत खातं धुऊन नेलं. मावशी दोन दिवस जेवली नाही. तेव्हापासून तिचं नवं कार्ड काकांच्या शर्टाच्या खिशात. हेतू चांगला होता, मान्य आहे. पण कमाई तिची, आणि चार नोटा काढायच्या म्हटल्या की काका चष्म्यावरून बघत विचारणार, "कशाला हवेत?" चपलेला कारण, औषधाला कारण. मला याचा भयंकर राग यायचा. मावशीला येत नाही, असं मी समजत होते.

गेल्या वर्षी एका दुपारी काका टेबलावर डोकं टेकून घोरत असताना तिने मला हळूच विचारलं, कार्डाशिवाय पैसे काढता येतात म्हणे, खरं का? मी हो म्हटलं. कशाला हवेत, हे माझ्याही तोंडून निघून गेलं आणि मी जीभ चावली.

"गाडी शिकायचीय," ती म्हणाली. "चारचाकी. साठीच्या आत."

ड्रायव्हिंग स्कूलवाला दर आठवड्याला रोख मागत होता. काकांना सांगावं तर ते आधी घाबरणार, मग नाही म्हणणार, आणि एकदा नाही म्हटलं की मरेपर्यंत नाही. त्यामुळे हे सगळं त्यांच्या नकळत व्हायला हवं होतं.

मग मी तिच्या फोनमध्ये आधार क्रमांकावरून बँकेचं अ‍ॅप सुरू करून दिलं आणि तिला शिकवलं. एटीएमवर कार्डाशिवाय असं लिहिलेलं दाबायचं, रक्कम सांगायची. पडद्यावर ठिपक्यांची चौकोनी नक्षी येते, ती फोनने टिपायची आणि पिन आपल्याच फोनवर टाकायचा, फोन छातीशी धरून. कार्ड बदलायला मुळात कार्डच नाही, आणि ती नक्षी अर्ध्या मिनिटात बाद. मावशीला ही व्यवस्था फार पटली. पहिल्याच खेपेला मागचा एक गृहस्थ, जमत नाही का, म्हणत आपुलकीने पुढे सरकला. ती वळली आणि म्हणाली, "जमतंय. तुम्ही मागे व्हा." त्या दिवशी ती घरी आली ती दोन इंच उंच होऊनच.

पिनच्या बाबतीत मी बजावलं होतं: जन्मतारीख नको, लग्नाची तारीख नको आणि कुठेही लिहायचा नाही. लग्नाची तारीख काकांना तरी कुठे आठवते, असं तिचं म्हणणं पडलं. पण सहा आकडे डोक्यात राहीनात. तेव्हा तिने मला न विचारता शक्कल लढवली. वहीत एक नवं गिऱ्हाईक आलं: 'तपकिरी बंगल्यातल्या बाई. झगा. छाती १९, कंबर ७२, बाही ४३.' एवढ्या गर्दीत एका बाईकडे कोण बघतंय, असा तिचा हिशेब.

एका सोमवारी मी दुकानात शिरले तर हँगरवर एक झगा लटकत होता. वर तान्ह्या बाळाला होईल एवढा, खाली तिघी मावतील एवढा, आणि बाह्या पार जमिनीवर लोळत होत्या. मावशीचा पाय मशीनवर थांबला होता, चेहरा पांढराफटक. लायसन्सची परीक्षा आठ दिवसांवर आली होती.

काका निवांत खडू तासत होते. हे काय, म्हणून मी विचारलं. वहीत होतं ते कापलं, ते म्हणाले. मग मावशीकडे वळून, बाई कधी न्यायला येणार, असंही विचारलं. येतील, असं ती कशीबशी पुटपुटली.

"आल्या की सांग त्यांना," काका म्हणाले, "गाडी शिकायची तर बाही एवढी लांब नको. स्टिअरिंगमध्ये अडकेल."

टाचणी पडली असती तर ऐकू आली असती, आणि त्या खोलीत टाचण्या सारख्या पडतात.

आम्हा दोन शहाण्यांच्या एक गोष्ट लक्षातच आली नव्हती. गाडी शिकवणारे मास्तर आपल्या पँट काकांकडूनच शिवून घेतात. महिन्यापूर्वी कमरेचं माप देता देता त्यांनी मावशीच्या रिव्हर्सची तोंड भरून स्तुती केली होती. काकांनी महिनाभर चकार शब्द काढला नव्हता. पैसे कुठून येतात, हे कोडं मात्र त्यांना वही चाळताना सुटलं. असलं शरीर देव घडवत नाही, बँकच घडवते, असं ते म्हणाले.

मग त्यांनी खिशातून तिचं कार्ड काढलं आणि मशीनवर ठेवलं.

"घाबरलो होतो गं मी," ते म्हणाले. "तू दोन दिवस जेवली नव्हतीस."

मावशी आता रडणार, असं मला वाटलं. मलाच रडू येत होतं. तिने कार्ड उचललं, उलटंसुलटं करून पाहिलं आणि त्यांच्या खिशात परत सरकवलं.

"राहू द्या तुमच्याकडेच," ती म्हणाली. "मला लागत नाही ते."

पिन त्याच दुपारी बदलला आणि वहीतल्या बाईंवर मी स्वतः काट मारली. परीक्षेत मावशी पहिल्या फटक्यात पास झाली. झग्याची पुढे मशीनवर घालायची खोळ झाली.

परवा एटीएमने काकांचं स्वतःचं कार्ड गिळलं. बँकेला तीन दिवस सुट्टी, आणि खिशातल्या तिच्या कार्डाची मुदत गेल्याच महिन्यात संपलेली. ते दुकानात आले, दोनदा खाकरले, आणि तुझ्या फोनवरून थोडे पैसे काढून देतेस का, असं खिडकीबाहेर बघत बोलले.

मावशीने मशीन थांबवलं. दोरा दाताने तोडला. चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढला आणि त्यावरून त्यांच्याकडे बघत विचारलं, "कशाला हवेत?"