रिमांच्या मांडवावरचा अंगूर

राळेगावात शाळेला जाता-येता माझी सायकल एका पंक्चरवाल्याच्या दुकानापाशी थांबतेच, कधी हवा भरायला, कधी उगाच. पंक्चर काढताना तो ट्यूबशी बोलतो, गिऱ्हाइकाशी नाही. दुकानापुढे त्याने सायकलच्या चाकांच्या जुन्या रिमा तारेने बांधून मांडव केलाय आणि त्यावर अंगुराचा वेल चढवलाय. या मातीत कपाशीच पिकणार, हे त्याला तीन वर्षं सगळ्यांनी ऐकवलं. मीसुद्धा.

गेल्या दिवाळीआधी त्याने तो हिरवागार वेल छाटून पार काड्या करून टाकला. गडी वैतागला, असंच गल्लीला वाटलं. शेजारची काकू तर समजूत घालायला चहा घेऊन आली. "काहून रे बाबू, एवढा जीव लावला अन् तोडून टाकला?"

चहा संपवून तो म्हणाला, "कापल्याबिगर फळ नाही धरत, काकू. नाशकाच्या बागेत काम करून आलो मी."

घड धरले. उन्हाने करपू नयेत म्हणून त्याने ते वर्तमानपत्रात गुंडाळले. हवा भरेपर्यंत आम्ही माना वर करून शिळ्या बातम्या वाचायचो.

काल त्याने ग्रीस लागलेल्या बोटांनी एक मणी माझ्या तळहातावर ठेवला आणि पंप सोडून माझ्या तोंडाकडे बघत राहिला. "गोड आहे" म्हणायचं ठरवूनच मी तो तोंडात टाकला. पण एक डोळा आपोआप मिटला.

"आंबट हाय ना?" तो टाळी वाजवून ओरडला. "पण अंगूरच हाय ना जी!"

मी दुसऱ्या मण्यासाठी हात पुढे केला.