अकरावा कागद

"ही खूण कोणी केली?"

कारकून मॅडमने कागद आमच्याकडे फिरवला आणि वरच्या चौकोनावर पेनाचं टोक टेकवलं. खूण माझी होती. मी काढते त्या 'बरोबर'च्या खुणेची शेपटी लांब जाते, खालच्या ओळीत घुसते. शाळेत गुरुजींनी त्यावरून छड्या मारल्या तरी ती सवय गेली नाही. खुणेखाली निळ्या शाईचा अंगठा होता. तो माझ्या शेजारी उभ्या असलेल्या बाईचा. तिच्या जोडीने मी महापालिकेच्या नोकरीत मंडईमागचा रस्ता बावीस वर्षं झाडला. तिला मी जोडीदारीणच म्हणते, इथेही तेच म्हणेन.

"मावशी, मी विचारतेय. खूण तुमची का?" मॅडमने तिला विचारलं.

"मला लिहिता येत न्हाय," जोडीदारीण म्हणाली.

"मग कोणाची?"

"न्हाय आठवत. लई दिस झालं."

तिला आठवत होतं. खोटं बोलताना ती कानाची पाळी ओढते, तशी तिने ओढली. मी गप्प राहिले. नोकरीत मी पुष्कळ ठिकाणी गप्प राहिले आहे, मुकादम ओरडताना, दुकानदार झाडलेल्या जागेवर कचरा फेकताना. पण त्या गुरुवारी गप्प राहिले ते स्वतःला वाचवायला.

मॅडम वयाने माझ्या नातीएवढी होती. वाईट नव्हती. तिने सरळ सांगितलं, "हे बघा, विकल्प एकदा दिला की फायनल असतो. एकच रस्ता आहे. नियम न सांगता अंगठा घेतला, असं कागद भरणाऱ्याने लेखी द्यायचं. मग साहेब फेरविकल्प मान्य करू शकतात. पण कागद भरणाऱ्याची चौकशी लागणार. दुसऱ्याचा कागद भरायचा नाही, हे परिपत्रक तुमच्या कोठीत लावलेलं आहे."

"लावलंय," जोडीदारीण म्हणाली. "त्याच्यावर कॅलेंडर हाय."

मॅडमला हसू आलं, पण ती हसली नाही. "सोमवारी तुमचं सेवापुस्तक पेन्शनला जातंय. एकदा इथून गेलं की काही करता येणार नाही."

आम्ही बाहेर आलो. जिन्यात ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "चल, हजेरी लावायची हाय."

आता हा विकल्प म्हणजे काय ते सांगते, कारण मलाही तो तेव्हाच कळला. वेतन आयोग आला की जुना पगार सोडून नव्या पगारात जायचं असतं. कधीपासून जायचं, हे ज्याचं त्याने ठरवायचं. कागदावर दोन चौकोन असतात. वरचा म्हणजे आयोगाच्या तारखेपासून. खालचा म्हणजे थोडे दिवस जुन्या पगारात थांबून, आपल्याला सोयीच्या तारखेपासून. बहुतेकांना वरचाच बरा. पण एखादीला चोवीस वर्षांच्या नोकरीची वाढ थोड्याच महिन्यांत मिळायची असेल, तर तिने तेवढं थांबावं. वाढ घेऊन मग नव्या पगारात यावं. म्हणजे ती वरच्या पायरीवर बसते. घाई केली की खालच्या पायरीवर बसते, आणि पुढची प्रत्येक वाढ, शेवटी पेन्शनसुद्धा, त्याच पायरीवरून मोजतात.

जोडीदारणीला थांबायचे होते पाच महिने.

ते कागद कोठीत आले तो दिवस मला स्वच्छ आठवतो. कोठी म्हणजे आमची हजेरीची जागा, पत्र्याची एक खोली, झाडू, ढकलगाड्या आणि एक बाक. आम्ही अकरा बायका. वाचता येणारी मी एकटी, चौथी पास. बाकीच्या सही काढायच्या किंवा अंगठा. मुकादमाने गठ्ठा माझ्या मांडीवर ठेवला आणि म्हणाला, "तुम्ही शिकलेल्या. दहाच्या आत भरून द्या. सगळ्यांचे एकसारखे भरा, म्हणजे परत येणार नाहीत."

एकसारखं ही आमच्या कोठीची रीतच होती. गमबूट आले तर अकरा जणींना एकाच रंगाचे हवेत. एकीला बुधवार पेठेतली सावलीची गल्ली दिली, तर दुसरी मुकादमाला विचारायची, ही तुमची कोण लागते. कागदावर एकीची खूण वर आणि एकीची खाली दिसली असती, तर दिवसभर कटकट झाली असती. माझा धरून मी दहा कागद भरले. वर खूण, खाली अंगठा, पुढची.

अकरावी जोडीदारीण. अंगठ्याला शाई लावून ती बसली आणि म्हणाली, "माझं चोवीस वर्साचं कायतरी हाय म्हणत्यात. बघ की जरा, त्यात काय लिवलंय."

कागदाच्या मागे बारीक अक्षरात सगळं लिहिलेलं होतं. मी कागद उलटला नाही. चहा आला होता, मुकादम घड्याळ बघत होता, आणि बारीक अक्षर वाचायला मला वेळ लागतो हे दहा जणींसमोर दाखवायचं नव्हतं. मी म्हटलं, "सगळ्यांचं सारखंच असतं. अंगठा लाव."

तिने लावला.

हे कळायला दोन वर्षं गेली. ती हडपसरला राहते. तिच्या शेजारची बाई तिच्याच दिवशी नोकरीला लागलेली, फक्त दुसऱ्या कोठीत. पगाराची स्लिप आता फोनवर येते. शेजारणीच्या सुनेने दोघींचे फोन शेजारी धरले आणि म्हणाली, काकू, तुमचा पगार हिच्यापेक्षा कमी कसा? जोडीदारीण तो फोन घेऊन मंडईत माझ्याकडे आली. मी कोबीची पानं ओढत होते. दोन्ही आकडे बघितले. चौकोन कुठला ते तेव्हा कळलं नाही, पण अकरावा कागद आठवला.

म्हणून आम्ही त्या गुरुवारी क्षेत्रीय कार्यालयात गेलो होतो. तिची निवृत्ती मेअखेर. आम्हा दोघींची जन्मतारीख एक जून आहे. खरी कोणालाच माहीत नव्हती, गुरुजी सगळ्यांची तीच लिहायचे. ती माझ्यापेक्षा एक वर्षाने आधी सुटणार होती. आमची वर्षाची वाढ जुलैत मिळते. म्हणजे मला अजून एक जुलै होता, आणि तिला एकही नव्हता.

ती विधवा आहे. मुलगी तीन पोरं घेऊन माहेरी परत आलेली. पेन्शनवर पाच माणसं जगणार होती.

माझ्याकडेही एक गोष्ट होती. मी सुटले की माझ्या जागी वारस म्हणून माझा मुलगा लागणार होता. तो रिक्षा चालवायचा, भाड्याची. सगळी कागदपत्रं तयार होती. माझ्यावर चौकशी लागली असती, तर ती मिटेपर्यंत त्याची फाइल पुढे सरकली नसती. हे मला मॅडमने सांगायची गरज नव्हती. कोठीत दोन फाइली अशा पडलेल्या मी बघितल्या होत्या.

घरी आल्यावर मुलाला सांगितलं. तो जेवत होता. घास ताटात ठेवून म्हणाला, "त्यांनी तुझं नाव घेतलं का?"

"नाही."

"मग तू का घेतेस?"

"खूण माझी आहे."

"खुणेवर नाव नसतं, आई."

तो हात न धुता उठला आणि दारात उभा राहिला. "मी आता चाळिशीला आलो. ही नोकरी गेली तर मला दुसरी कोण देणार? त्यांच्या पेन्शनसाठी माझा पगार घालवायचा, असंच ना? तसं सरळ सांग."

"असंच," मी म्हटलं.

तो निघून गेला. रिक्षा सुरू होताना दोनदा बंद पडली, मग गेली.

शुक्रवारी सकाळी मुकादम माझ्या रस्त्यावर आला. तो कधी चालत येत नाही, गाडीवरून ओरडतो. त्या दिवशी गाडी लावून आला. माझ्या झाडूकडे बघत म्हणाला, "बाई, ऐकलं ते खरं का?"

"काय ऐकलं?"

"कार्यालयातून कळलं, कागद भरणाऱ्याने लिहून द्यायचंय. म्हणजे तुम्हीच देणार. द्या, तुमची मर्जी. पण एकसारखे भरा, हे मी सांगितलं होतं, ते तेवढं त्यात नको. माझं प्रमोशन आहे."

"तुम्हाला नियम माहीत होता का?"

"छे हो. मला कोण सांगतंय."

"मग तुमचं नाव कशाला घालू? तिने तुम्हाला विचारलं नव्हतं."

त्याला खात्री वाटत नव्हती. जाताना म्हणाला, "पाणी प्या, ऊन आहे." इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

दुपारी जोडीदारणीला सांगितलं की लिहून देते. ती गाडीत कचरा दाबत होती. म्हणाली, "नको."

"का?"

"तुझ्या पोराचं काय?"

"ते माझं मी बघीन."

"मग माझं मी बघते. तू गप झाड."

आम्ही दोघी भांडलो, मंडईच्या मागे, भाजीवाल्यांच्या समोर. मी तिला म्हटलं, तू आणखी वीस वर्षं जगलीस तर दर महिन्याला मला शिव्या घालशील. ती म्हणाली, आता काय कमी घालते? एक कांदेवाला म्हणाला, "मावशी, भांडण संपलं की इकडं पण झाडा." आम्ही दोघींनी त्याच्याकडे बघितलं. तो कांदे नीट लावायला लागला.

शनिवारी कार्यालय बंद असतं. लिहायचं ते त्याच दुपारी. मी कोठीत बाकावर बसले आणि लिहिलं. मला लिहायला किती वेळ लागला ते सांगत नाही. पहिल्या कागदावर 'अनवधानाने खूण झाली' असं लिहिलं होतं, मुलाने कधीतरी शिकवलेला शब्द. तो कागद फाडला. अनवधान नव्हतंच ते. दुसऱ्यावर लिहिलं: तिने मला वाचून दाखवतेस का असं विचारलं होतं. मी वाचलं नाही. सगळ्यांचं सारखंच असतं असं सांगितलं आणि अंगठा घेतला. तिची चूक नाही. खाली सही केली. ती मला येते.

कार्यालय बंद व्हायच्या आत मी तो मॅडमला दिला; तिने दोनदा वाचला. "मावशी, हे असंच देताय? 'विचारलं होतं' हे काढलं तरी चालेल. तुमच्यावर कमी येईल."

"ते काढलं तर साहेब मान्य करतील का?"

तिने पेन खाली ठेवलं. "अवघड आहे."

"मग राहू दे."

तिने शिक्का मारला. सेवापुस्तक सोमवारी गेलं नाही. कपाटातच राहिलं.

साहेबांनी आम्हा दोघींना आठवड्याने बोलावलं. त्यांच्या खोलीत एसी होता, जोडीदारणीला शिंका आल्या. साहेबांनी मला विचारलं, "नियम माहीत नव्हता, मग कागद भरला कशाला?"

"मला वाचता येतं म्हणून."

"मग वाचला का नाही?"

मी टेबलावरच्या माझ्या कागदाकडे बघितलं. साहेबांनी तो पुढे ओढला. मग जोडीदारणीला विचारलं, "तुम्ही हिला विचारलं होतं हे खरं आहे?"

मला वाटलं, ती पुन्हा कानाची पाळी धरते की काय. तिचा हात वर गेला. मग तिने नाक पुसलं आणि म्हणाली, "इचारलं होतं. हिनं वाचलं न्हाय. चहा पीत होती."

चहाचं मी कागदात लिहिलं नव्हतं. साहेबांनी ते लिहून घेतलं.

निकाल यायला एप्रिल संपला. मेचे तीन आठवडे गेले. रोज हजेरीला ती मला विचारायची नाही आणि मी तिला सांगायची नाही, कारण सांगायला काही नव्हतं. निवृत्तीला नऊ दिवस राहिले असताना मॅडमचा फोन आला. फेरविकल्प मान्य. तिचा पगार मागच्या तारखेपासून पुन्हा बसवला, वरच्या पायरीवर. पेन्शन त्यावरच निघाली.

मला मेमो मिळाला. चौकशी सहा महिने चालली, तोवर माझी जुलैची वेतनवाढ अडवली होती, ती शेवटी रोखलीच. मला एकच जुलै उरला होता, तोच गेला. माझी पेन्शन त्या वाढीशिवाय बसली आहे, आजही तशीच येते. मुलाची फाइल पडून राहिली. मी सुटल्यावर दीड वर्षाने तो लागला. तोपर्यंत तो माझ्याशी कामापुरतं बोलायचा. आता तो बुधवार पेठेत झाडतो. अजूनही फार बोलत नाही, पण कुठलाही कागद आला की उलटून मागची बाजू वाचतो, मोठ्याने, मला ऐकू जाईल असं.

जोडीदारणीने माझे आभार वगैरे मानले नाहीत. निवृत्तीच्या दिवशी हार घालून फोटो काढले, तेव्हा ती माझ्या कानाशी म्हणाली, "आधीच वाचलं असतंस तर एवढं झालं नसतं." मी म्हटलं, "खरंय." मग आम्ही पेढा खाल्ला.

कागद भरले त्या दिवशी कोठीत आम्ही अकरा जणी होतो. सहा जणी वारल्या, त्यातल्या दोघी नोकरीत असतानाच. तिघी गावाला असतात. पुण्यात ती आहे आणि मी आहे.